खाणीच्या ढिगाऱ्यावरचं खनिज: आधी नोंद, मग धुणं, नाव सगळ्यांत शेवटी

जुन्या खाणींबाहेर टाकून दिलेल्या निकामी दगडांच्या ढिगाऱ्यांवर चांगली खनिजं मिळतात. पण तिथून नव्याने दगड गोळा करू लागलेल्या माणसाचं खोकं उघडलं की बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो. तीस-चाळीस नमुने, सगळे घासूनपुसून लख्ख, निम्म्यांवर घाईने ठरवलेली नावं, आणि "हा नेमका कुठे सापडला?" याला उत्तर नाही. मेहनत भरपूर झालेली असते, फक्त क्रम उलटा असतो. दिसताच नाव दिलं, घरी आल्यावर घासलं आणि नोंद राहूनच गेली.

हा क्रम सरळ केला तर साध्या साधनांनीही बरीच खनिजं खात्रीने ओळखता येतात. म्हणून पुढचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा, एकही गाळू नका.

## टप्पा १: परवानगी आणि पूर्वतयारी

खाण बंद पडली म्हणून ढिगारा बेवारस होत नाही. जमिनीचा मालक एक, खनिजावरचा हक्क दुसऱ्याकडे, असंही असतं. दोघांची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. जागा संरक्षित असेल, तर तिथला खडाही उचलायचा नाही.

परवानगी मिळेपर्यंतचा वेळ वाचनात घाला. त्या खाणीतून कोणता धातू काढत होते, शीर (खडकाच्या भेगेत भरलेला खनिजांचा पट्टा) कोणत्या खडकात होती, तिथून आजवर कोणकोणती खनिजं नोंदली गेली आहेत, याची एक पानभर यादी करा. पुढे ओळख पटवताना हीच यादी सगळ्यांत जास्त कामी येते. शिसं-जस्ताच्या खाणीवर गॅलेना, स्फॅलेराइट, कॅल्साइट, फ्ल्युओराइट, बराइट यांची अपेक्षा ठेवता येते. कथिलाच्या खाणीवर कॅसिटेराइट, वुल्फ्रमाइट, आर्सेनोपायराइट, तोरमल्ली. ढिगाऱ्यावर काय मिळू शकतं हे माहीत असलं की डोळे नेमके तिथेच थांबतात.

सोबत घ्यायचं: हेल्मेट, बाजूंनी बंद असलेला सुरक्षा-चष्मा, जाड हातमोजे, घोटा झाकणारे बूट, भूवैज्ञानिक हातोडा, छोटा घण, दोन छिन्न्या, खुरपं, मऊ ब्रश, पाण्याची फवारणी-बाटली, १० पट मोठं दाखवणारं भिंग, चुंबक, वर्तमानपत्राची रद्दी, मऊ टिश्यू, पिशव्या, न पुसणारा मार्कर, पेन्सिल आणि वही. सुताराचा हातोडा नेऊ नका. तो खिळ्यांसाठी बनवलेला असतो. दगडावर किंवा छिन्नीवर मारला की त्याच्या तोंडाची कपची उडते, आणि ती डोळ्यात जाऊ शकते. याच कारणासाठी एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारू नका.

तपासा: कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार हे घरी सांगितलं आहे का? सोबत दुसरी व्यक्ती आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल तर दिवस बदला.

## टप्पा २: जागेवर पोहोचल्यावर आधी धोके पाहा

बोगद्यात शिरायचं नाही. चार पावलंही नाही. जुने आधार कुजलेले असतात, आणि गंधकयुक्त खनिजं गंजताना हवेतला प्राणवायू वापरून टाकतात. अशा हवेला वास नसतो, त्यामुळे धोका कळेपर्यंत पायातली ताकद गेलेली असते.

उभ्या शाफ्टचं (खाणीत सरळ खाली उतरणाऱ्या विहिरीसारख्या खड्ड्याचं) तोंड अनेकदा कुजलेल्या फळ्या आणि वर उगवलेल्या गवताखाली दडलेलं असतं. जमीन नरसाळ्यासारखी आत खचलेली दिसली तर लांबून वळसा घाला.

ढिगाऱ्याचा उतार साधारण ३५ ते ४० अंशांचा, म्हणजे दगड घसरता घसरता जेमतेम थांबतात त्या कोनाचा असतो. पायथ्याशी आत पोखरलं की वरचा सगळा भार खाली येतो. एकाच्या वर दुसऱ्याने काम करायचं नाही, शेजारी शेजारी करायचं.

इशारा: धातुक (ज्यातून धातू काढतात तो खनिजयुक्त दगड) दळून उरलेल्या बारीक, रेतीसारख्या टेलिंग्जच्या ढिगांपासून लांब राहा. तिथे नमुने नसतात, आणि धुळीत शिसं, आर्सेनिक किंवा प्रक्रियेची रसायनं असू शकतात. खडबडीत दगडांच्या ढिगाऱ्यावरही हात धुतल्याशिवाय खायचं-प्यायचं नाही. बूट आणि कपडे वेगळ्या पिशवीतून घरी न्या. दगड चाटून पाहायची जुनी सवय असेल तर ती इथे मोडा.

## टप्पा ३: अर्धा तास नुसतं चाला

सगळ्यांत जास्त लोक इथे चुकतात. पहिला चमकता दगड दिसला की बसकण मारतात आणि दिवस तिथेच जातो. मी स्वतः पहिला अर्धा तास काहीही पिशवीत टाकत नाही. ढिगारा कसा रचला गेला ते आधी समजून घेते.

वॅगनी बोगद्याच्या तोंडातून बाहेर येऊन टोकाला रिकाम्या होत असत. त्यामुळे तोंडाजवळचा, तळाचा भाग सर्वांत जुना, आणि बाहेरची कड व वरचा थर सर्वांत शेवटचा. खाणीतला जो भाग आधी खोदला तो आधी आला. अनेक खाणींत खोदकाम पृष्ठभागाकडून खोलीकडे गेलेलं असतं. तसं असेल तर जुन्या भागात पाण्या-हवेने बदललेली खनिजं, म्हणजे मॅलॅकाइट, ॲझुराइट, सेरुसाइट, गोएथाइट मिळण्याची शक्यता जास्त, आणि नव्या भागात ताजी गंधकयुक्त खनिजं. एकाच ढिगाऱ्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या खाणी असाव्यात इतका फरक मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट: टाकताना मोठे दगड गडगडत पायथ्याशी जातात, बारीक माल वर राहतो. पोकळी असलेले मोठे धोंडे हवे असतील तर पायथा बघा. पावसाने पाडलेल्या घळींत माती वाहून गेलेली असते, तिथे नमुने आयते उघडे पडतात. बोगद्याच्या तोंडाजवळ सपाट जागेवर एकसारख्या आकाराच्या, मुद्दाम फोडलेल्या तुकड्यांचा थर दिसला तर तिथे हाताने धातुक निवडत असणार. त्यांच्या दृष्टीने निकामी पण सुंदर स्फटिकांचे तुकडे तिथेच टाकलेले असतात.

चालताना तीन खुणा शोधा: गंजाचे तांबूस-पिवळे पट्टे, हिरवा किंवा निळा थर, आणि काळपट खडकातली पांढरी शीर. दगड हलकेच उचलून वजनाचा अंदाज घेत राहा. आकाराच्या मानाने जड लागला की तो वहीत नोंदवा, पिशवीत नंतर.

शेवटी वहीत ढिगाऱ्याचा साधा नकाशा काढा आणि त्याचे अ, ब, क असे भाग पाडा.

तपासा: कुठे खणायचं आणि तिथेच का, हे एका वाक्यात सांगता येतं का? नसेल तर आणखी एक फेरी मारा.

## टप्पा ४: खणणं आणि फोडणं

ढिगाऱ्याचा वरचा थर ऊन-पावसाने झिजलेला असतो आणि आधीच्या लोकांनी चाळलेलाही. एक जागा निवडून हातभर रुंद आणि ३०–४० सेंटिमीटर खोल चर घ्या. निघालेला प्रत्येक दगड फवाऱ्याने ओला करून फिरवून पाहा. मातीने माखलेला स्फटिक कोरडा असताना दिसत नाही, ओला होताच त्याची पृष्ठं चमकतात.

हातोडा उचलण्याआधी भिंगातून पाहा. स्फटिक दिसत असतील तर तिथे फोडायचं नाहीच. मोठ्या दगडातून तुकडा काढायचाच असेल तर आधीची चीर शोधा, तिच्यात छिन्नी बसवा आणि स्फटिकांपासून शक्य तितक्या दूर ठोका. घाव आपल्या बाजूने येतो, पण दगड त्याच्या स्वतःच्या कमजोर रेषेवर फुटतो, आणि ती रेषा फार वेळा सुंदर पोकळीतूनच जाते. स्फटिकांभोवती तळहाताएवढा जास्तीचा खडक राहू द्या. छाटणी घरी, शांतपणे करता येते. फुटलेला स्फटिक परत जुळत नाही.

आणखी एक आग्रह. खनिज त्याच्या खडकापासून सोडवू नका. गॅलेनाचा सुटा घन आणि फ्ल्युओराइटवर बसलेला गॅलेनाचा घन यांत दुसरा कितीतरी जास्त बोलतो: कोण आधी तयार झालं, कोण नंतर, कशाच्या संगतीत. ही संगत ओळखीचा अर्धा पुरावा असते.

गरजेपुरतेच घ्या. एका जातीचे दोन-तीन चांगले नमुने पुरेत. निघताना चर बुजवा.

## टप्पा ५: नोंद, तिथल्या तिथे

घरी जाऊन लिहू, असं प्रत्येकाला वाटतं. घरी पोहोचेपर्यंत तीन पिशव्यांतले दगड एकमेकांसारखे दिसू लागतात. स्थान हरवलेल्या नमुन्याचं अभ्यासमूल्य जवळजवळ संपतं, मग तो कितीही देखणा असो.

पिशवीत टाकण्याच्या क्षणीच:

१. नमुन्याला क्रमांक द्या. तो पिशवीवर मार्करने आणि आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. ओलाव्यात शाई पसरते, पेन्सिल टिकते.
२. वहीत तोच क्रमांक, तारीख, खाणीचं नाव, ढिगाऱ्याचा भाग, खोली आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश लिहा.
३. आजूबाजूचा खडक कोणता आणि सोबत कोणती खनिजं दिसली ते लिहा.
४. खनिजाचं नाव लिहू नका. "जड, करडं, चौकोनी तुटणारं" एवढं वर्णन लिहा. एकदा नाव लिहिलं की पुढच्या चाचण्या ते नाव खरं ठरवण्यासाठीच केल्या जातात.

नाजूक स्फटिक आधी टिश्यूत, मग वर्तमानपत्रात गुंडाळा. कापूस वापरू नका. त्याचे तंतू सुईसारख्या स्फटिकांत अडकतात आणि काढताना स्फटिकच मोडतात.

## टप्पा ६: धुणं, पण आधी चाचणी

घरी आल्यावर पहिला हात नळाकडे जातो. तो थांबवा. काही खनिजं पाण्यात विरघळतात. कॅल्कँथाइट हे त्यातलं सुंदर निळं उदाहरण, जुन्या तांब्याच्या खाणींत त्याचे थर असतात. एका दगडावरचा फिकट निळा लेप मी असाच नळाखाली धरला होता. ब्रश हातात घेईपर्यंत लेप नाहीसा झाला, आणि तो काय होता हे मला आता कधीच कळणार नाही.

म्हणून आधी कोरडा नमुना भिंगाखाली पूर्ण पाहा आणि त्याचा फोटो काढा. मग कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून थांबा. काही बदललं नाही तर साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी आणि मऊ टूथब्रश वापरा. गरम पाणी नको. फ्ल्युओराइट आणि कॅल्साइट तापमानाच्या धक्क्याने तडकतात.

आम्लाने साफ करणं हा या छंदातला सर्वांत महागडा उतावळेपणा आहे. क्वॉर्ट्झवरचा गंज ऑक्झॅलिक आम्लाने जातो हे खरं, पण नमुन्यात कॅल्साइट असेल तर त्यावर पांढरा, न निघणारा थर बसतो. शिवाय ज्याला आपण गंज म्हणतो तेच कधीकधी खरं खनिज असतं. पायराइटच्या घनाचं पूर्णपणे गोएथाइट झालेलं असतं, आकार जुना आणि द्रव्य नवं. असे तपकिरी घन घासून फेकून दिलेले पाहिले की जीव तुटतो.

इशारा: ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. ओळख पूर्ण होण्याआधी कोणत्याही नमुन्याला आम्लात बुडवू नका.

## टप्पा ७: ओळख

रंग बघून सुरुवात करू नका. फ्ल्युओराइट जांभळं, हिरवं, पिवळं, निळं, रंगहीन, सगळं असतं. पुढच्या क्रमाने जा आणि प्रत्येक निकाल लिहून मगच पुढे सरका. चाचण्या देखण्या नमुन्यावर नाही, त्याच जातीच्या फुटक्या तुकड्यावर करायच्या.

चमक. ताज्या तुटलेल्या पृष्ठावर पाहा. धातूसारखी आहे की नाही, हा पहिला फाटा. नसेल तर काचेसारखी, राळेसारखी, मोत्यासारखी की हिऱ्यासारखी, ते लिहा.

कस. कस म्हणजे खनिजाच्या भुकटीचा रंग. चिनी मातीच्या टाइलची मागची, झिलई नसलेली बाजू पुरते. हेमॅटाइट बाहेरून काळं, पोलादी किंवा तांबडं असो, कस तांबडा-तपकिरीच येतो. गोएथाइटचा पिवळसर तपकिरी. जवळजवळ काळ्या स्फॅलेराइटचाही कस फिकट तपकिरी किंवा पिवळसर निघतो, तिथेच त्याचं गुपित फुटतं. टाइलचं काठिण्य (१ ते १० च्या मोहस मापनीवर, १० सर्वांत कठीण) सात किंवा त्याच्या जरा खाली असतं. त्याहून कठीण खनिज टाइललाच ओरखडतं, आणि पडलेली पांढरी भुकटी टाइलची असते. नवखे तिलाच कस समजतात.

काठिण्य. नख साधारण २.५, चाकूचं पातं ५ ते ५.५, काच ५.५, क्वॉर्ट्झ ७. ओरखडा पडला असं वाटलं की बोटाने पुसा. पुसला गेला तर ती मऊ वस्तूची भुकटी होती, ओरखडा नव्हताच. चाचणी उलट बाजूनेही करा. झिजलेल्या पृष्ठावर घेतलेलं काठिण्य बहुतेकदा कमी येतं.

पाटन. खनिज ठरावीक सपाट पातळ्यांवर तुटतं का, आणि त्या किती दिशांना आहेत? गॅलेना तीन दिशांना काटकोनात तुटून पायऱ्या-पायऱ्या दाखवतो. कॅल्साइटही तीन दिशांना, पण तिरका. फ्ल्युओराइट चार दिशांना, स्फॅलेराइट सहा. क्वॉर्ट्झला स्पष्ट पाटन नसतं, ते शिंपल्यासारखं वक्र फुटतं. स्फटिकाचं पृष्ठ आणि पाटनाचं पृष्ठ यांची गल्लत होते. पाटनाच्या पृष्ठाला समांतर तशाच चिरा आतही दिसतात, भिंगातून त्या शोधा.

विशिष्ट गुरुत्व. म्हणजे खनिज तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. लोक ही चाचणी टाळतात, आणि मला ती सगळ्यांत विश्वासाची वाटते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, ग्लासभर पाणी आणि दोरा, एवढंच लागतं. तुकडा कोरडा तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. आता जो आकडा दिसतो त्याने कोरड्या वजनाला भागा.

समजा ४५ ग्रॅमचा पांढरा तुकडा आहे. पाण्यातला आकडा १७ आला तर भागाकार २.६५, म्हणजे क्वॉर्ट्झकडे बोट. १६.६ आला तर २.७१, कॅल्साइट. १४.२ आला तर ३.१७, फ्ल्युओराइट. आणि १० आला तर ४.५, म्हणजे बराइट. डोळ्यांना सारखे दिसणारे चार पांढरे दगड एका भागाकाराने वेगळे होतात. क्वॉर्ट्झ आणि कॅल्साइट मात्र जवळजवळ आहेत, तिथे काठिण्याचा आधार घ्या. तुकडा एकाच खनिजाचा हवा, त्यावर खडक चिकटलेला नको, आणि बुडवल्यावर चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा.

चुंबक, आम्ल, यूव्ही दिवा. मॅग्नेटाइट चुंबकाला ठळकपणे ओढला जातो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट लगेच फसफसतं, डोलोमाइट भुकटी केल्यावरच नीट फसफसतं. हिरव्या थरांत मॅलॅकाइट फसफसतं, क्रिसोकोला नाही. शीलाइट कमी तरंगलांबीच्या यूव्ही दिव्याखाली निळसर पांढरं उजळतं. दिव्याखाली कपड्याचे धागेही निळे चमकतात, तेव्हा आधी नमुना फुंकून घ्या, आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा ठेवा.

इशारा: आम्लाचा थेंब उघड्या हवेतच टाका. स्फॅलेराइटसारख्या गंधकयुक्त खनिजांतून सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू निघतो. अनोळखी खनिज तापवून वास घेणं तर कधीच नको, आर्सेनिकच्या वाफा प्राणघातक असतात.

## नेहमी फसवणाऱ्या जोड्या

पिवळ्या धातूसारखं काही दिसलं तर कस इथे फारसा उपयोगी नाही, कारण पायराइट आणि कॅल्कोपायराइट दोघांचाही कस हिरवट काळा. चाकूने ठरवा: कॅल्कोपायराइट ओरखडतं, पायराइट नाही. सोन्याचा कस सोनेरीच येतो, आणि सुई टोचली की ते चुरत नाही, दबतं. अभ्रकाचा पिवळा पापुद्रा सुईने उचकटतो.

करड्या चकाकीत गॅलेना जड (सुमारे ७.५) आणि घनाकृती तुटणारा. मॉलिब्डेनाइट नखाने ओरखडतं, बोटाला काळं लावतं आणि पापुद्र्यांनी निघतं. स्टिब्नाइटच्या लांब, रेघा असलेल्या काड्या असतात. चकचकीत हेमॅटाइटला तांबड्या कसाने पकडा.

निळ्या-हिरव्या काचेसारख्या तुकड्यावर तर फार लोक भाळतात. आत गोल बुडबुडे आणि वाहिल्याच्या रेघा दिसल्या तर ती भट्टीतली मळी (धातू वितळवून काढल्यावर उरलेला काचेसारखा कचरा) आहे, खनिज नाही. तरीही फेकण्याआधी तिच्या पोकळ्या भिंगातून पाहा. ग्रीसमधल्या लाव्हरिओनच्या प्राचीन मळीत समुद्राच्या पाण्याने सूक्ष्म, दुर्मीळ स्फटिक घडवले आहेत.

हिरवट पिवळ्या, अभ्रकासारख्या चौकोनी पापुद्र्या दिसल्या तर युरेनियमचं खनिज असू शकतं. बारीक तंतूंचा गुच्छ असेल तर ॲस्बेस्टॉस. दोन्ही न खरवडता जागीच राहू द्या.

## टप्पा ८: नाव आणि जपणूक

आता नाव लिहायचं, पण खात्रीच्या पायरीसह. सगळ्या चाचण्या जुळल्या तर "निश्चित". एखादी राहिली असेल तर "बहुधा". आणि फक्त गट कळला असेल तर तेवढंच: "तांब्याचं हिरवं दुय्यम खनिज". प्रश्नचिन्ह असलेली चिठ्ठी ही प्रामाणिक चिठ्ठी असते. बारीक, मिश्र थरांची ओळख घरी पटत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली क्ष-किरण विवर्तनाची चाचणी लागते. तिला अगदी थोडी भुकटी पुरते, म्हणून फुटके तुकडे त्याच क्रमांकाच्या डबीत ठेवून द्या.

नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा. चिठ्ठी आणि दगड एकमेकांपासून सुटले तरी वहीतून सगळं परत जुळतं.

रिआल्गर आणि व्हिव्हिअनाइट उजेडात बिघडतात, त्यांना बंद डबीत ठेवा. पायराइट आणि विशेषतः मार्कसाइट दमट हवेत कुजतं: पृष्ठावर पांढरट भुकटी धरते, गंधकाम्ल तयार होतं आणि आधी चिठ्ठी खाल्ली जाते, मग शेजारचे नमुने. दमट महिने संपले की ते खण एकदा उघडा, चिठ्ठीच्या कडा पिवळ्या-ठिसूळ झाल्यात का पाहा आणि आंबूस वास आला तर तो नमुना त्याच दिवशी इतरांपासून वेगळा करा.